रंगाखालचा करडा थर

तोक्योजवळ माकुहारी मेस्से नावाचे एक प्रचंड प्रदर्शनगृह आहे. तिथे वर्षातून दोनदा, एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात, एक आगळी जत्रा भरते. तिचे नाव वंडर फेस्टिव्हल. ओळीने मांडलेली साधी टेबले, त्यांवर चित्रपटांतल्या आणि चित्रकथांतल्या पात्रांच्या रंगवलेल्या छोट्या मूर्ती, आणि टेबलामागे त्या घडवणारी हौशी माणसे. दारे उघडण्याच्या कितीतरी आधीपासून बाहेर रांग लागलेली असते. रांगेतला माणूस आत येतो, हजारो येन मोजतो आणि त्याच्या हातात काय पडते? टेबलावरची ती सुंदर मूर्ती नव्हे, तर एक पिशवी. पिशवीत फिकट पिवळसर किंवा पांढरे तुकडे असतात. एक हात, दोन पाय, केसांच्या चार-पाच बटा, तांदळाच्या दाण्याएवढी बोटे. रंग नाही, डिंक नाही. शिवाय तुकड्यांना हात लावला तर ते किंचित तेलकट लागतात.

हा तेलकटपणा धुवायचा, तुकडे घासायचे, भोके बुजवायची, जोडायचे, मग सगळ्यावर एक करडा थर द्यायचा, आणि त्यानंतरच रंगाची बाटली उघडायची. घेणाऱ्याचे कित्येक रविवार यात जातात. मी स्वतः या छंदात रमलेला माणूस आहे, त्यामुळे मला नेहमी विचारले जाते, की एवढे पैसे देऊन अर्धवट वस्तू विकत घ्यायची कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे इतिहासात जावे लागते, कारण ही धुण्या-घासण्याची मेहनत एका सौद्याचा भाग आहे.

जपानी भाषेत रंगापूर्वीच्या तयारीला एक शब्द आहे, शिताजी. 'शिता' म्हणजे खालची आणि 'जी' म्हणजे जमीन. भिंतीच्या गिलाव्याखालचा थर शिताजी, लाखेच्या भांड्यावरचा पहिला लेप शिताजी आणि स्त्रिया चेहऱ्याला पावडरीआधी लावतात तेही शिताजीच. आपल्याकडचा 'अस्तर' हा शब्द त्याच्या जवळ जातो. रेझिनचे तुकडे धुण्या-घासण्याच्या कामालाही तिथले छांदिष्ट हाच शब्द वापरतात.

या शब्दामागे जुनी कारागिरी उभी आहे. वाजिमा हे गाव लाखेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे लाकडी वाटीच्या कडेला आणि नाजूक जागी कापड चिकटवतात. मग स्थानिक मातीची भाजलेली पूड लाखेत कालवून तिचे थर देतात, ते वाळवतात आणि घासतात. हे सारे झाले, की शेवटची चकचकीत लाख. विशेष म्हणजे तिथे अस्तराचा कारागीर वेगळा, वरच्या थराचा वेगळा आणि सोन्याची नक्षी काढणारा आणखी वेगळा. जो थर कुणाला दिसणार नाही, त्याचाही स्वतंत्र धंदा आणि त्यातले स्वतंत्र उस्ताद!

दुसरे उदाहरण बाहुल्यांचे. ३ मार्चला जपानमध्ये मुलींचा सण असतो आणि घरोघर राजदरबाराच्या बाहुल्या मांडतात. या बाहुल्यांसाठी नावाजलेले गाव म्हणजे सायतामा प्रांतातले इवात्सुकी. पारंपरिक पद्धतीत बाहुलीचे डोके किरी नावाच्या झाडाच्या लाकडाचा बारीक भुसा आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ एकत्र मळून, साच्यात दाबून काढतात. म्हणजे साच्यातून निघालेला भाग, त्याची शिवण आणि त्याचे खडबडीत अंग हे प्रश्न तिथे पूर्वापार आहेत. त्यावर गोफुनचे थर चढतात. गोफुन म्हणजे शिंपल्यांची पांढरी पूड. शिंपल्यांचे ढीग वर्षानुवर्षे उघड्यावर उन्हापावसात ठेवतात, मग दळतात आणि ती पूड सरसात कालवून लावतात. एक थर वाळला की पुढचा, मध्ये घासणी. यातली एक पायरी मला फार आवडते. काचेचे डोळे आधीच बसवलेले असतात आणि पांढऱ्या थरांखाली तेही झाकले जातात. शेवटी कारागीर बारीक सुरीने गोफुन कापतो आणि डोळे उघडतो. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडेच देतात, त्याची इथे आठवण व्हावी.

आता कारखान्यांच्या काळात येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर शिझुओका शहरात लाकडी खेळण्यांचा आणि लाकडी नमुन्यांचा धंदा जोरात होता. तामिया ही आज जगभर माहीत असलेली कंपनी १९४६ साली तिथे लाकडाची वखार म्हणूनच सुरू झाली. पन्नाशीच्या दशकात परदेशी प्लॅस्टिकचे संच आले आणि लाकूड मागे पडू लागले. तामियानेही १९६० साली 'यामातो' या युद्धनौकेचा प्लॅस्टिक संच काढला. पण त्याच जहाजाचा संच दुसऱ्या कंपनीने स्वस्तात आणला. तामियाला आपली किंमत उतरवावी लागली आणि मोठा तोटा सोसावा लागला. सावरायला कंपनीला पुन्हा काही काळ लाकडी संचांचा आधार घ्यावा लागला.

एका संचाच्या अपयशाने कंपनी डगमगावी असे काय होते त्यात? त्याचे उत्तर पोलादी साचा. प्लॅस्टिकच्या संचात वितळलेले पॉलिस्टायरिन मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवतात. साचा उत्तम असेल तर भाग इतका स्वच्छ निघतो, की घेणाऱ्याला फारसे घासावे लागत नाही. ते घासकाम साचा बनवणाऱ्याने आधीच पोलादावर केलेले असते. पण असा साचा कोरायला भरमसाट खर्च येतो आणि तो भरून निघायला हजारो संच खपावे लागतात. परिणामी जे हजारोंना हवे तेच बाजारात येणार: रणगाडे, विमाने, मोटारी. एखाद्या चित्रपटातला कमी लोकप्रिय राक्षस फक्त दोनशे वेड्यांना हवा असेल, तर त्या दोनशे जणांना कोणी विचारत नव्हते.

गोजिराचा, म्हणजे आपल्याकडे गॉडझिला म्हणतात त्या राक्षसाचा, पहिला चित्रपट १९५४ चा. साठच्या दशकात असे चित्रपट पाहत वाढलेली पोरे १९८० च्या सुमारास कमावती झाली होती. दुकानात त्यांना मिळत ती लहान मुलांसाठीची रबरी किंवा चावीची खेळणी. पडद्यावर पाहिलेला खवल्याखवल्याचा गोजिरा त्यांत नव्हता. तेव्हा त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. सुरुवातीला प्लॅस्टिकचा पातळ पत्रा तापवून, हवा खेचून तो साच्यावर बसवण्याची पद्धत वापरून पाहिली गेली. पण त्यात बारकावे येत नाहीत. खरा मार्ग दाखवला तो सिलिकॉन रबर आणि पॉलियुरेथेन रेझिन या जोडीने.

पॉलियुरेथेनचे रसायन १९३७ साली जर्मनीत लेव्हरकूझेन इथे ऑटो बायर यांनी शोधले. सिलिकॉन रबर चाळिशीच्या दशकात अमेरिकेत उद्योगासाठी तयार झाले. दोन्ही वस्तू मोठ्या उद्योगांसाठी जन्मल्या. पण त्यांचा एक गुण घरगुती होता. दोन्हींना भट्टी लागत नाही, दाब लागत नाही. दोन द्रव मिसळायचे, ओतायचे आणि थांबायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे काम होऊ शकते. अशा घरगुती संचांना 'गराज किट' म्हणू लागले.

या चळवळीची राजधानी ओसाका परिसर. तिथे १९६४ साली ओसामु मियावाकी यांनी काइयोदो हे नमुन्यांचे दुकान काढले. दुकान काढायचे की हाताने वळलेल्या शेवयांची खानावळ, हे ठरेना, तेव्हा त्यांनी लाकडी तलवार उभी करून सोडून दिली आणि ती कुठे पडते त्यावरून निर्णय घेतला, असा किस्सा सांगतात. दुकान होते अवघ्या दीड त्सुबोचे, म्हणजे सुमारे ५० चौरस फुटांचे. या दुकानात जमणाऱ्या पोरांतूनच पुढे नामांकित शिल्पकार तयार झाले. दुसरे केंद्र म्हणजे विज्ञानकथांचे वेड असलेल्या तोशिओ ओकादा आणि यासुहिरो ताकेदा यांनी १९८२ मध्ये ओसाकात उघडलेले जनरल प्रॉडक्ट्स हे दुकान. याच मंडळींनी १९८४ च्या अखेरीस चाचणी म्हणून आणि जानेवारी १९८५ मध्ये रीतसर वंडर फेस्टिव्हल भरवला. १९९२ पासून तो काइयोदोकडे आला.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे त्या तेलकट तुकड्याकडे वळू. तो कसा तयार होतो हे कळले, की त्याला काय काय करावे लागते हे आपोआप कळते.

शिल्पकार आधी मूळ मूर्ती घडवतो, तिचे भाग सुटे करतो आणि प्रत्येक भाग तेलकट मातीत निम्मा बुडवून भोवती चौकट उभी करतो. वरून सिलिकॉन ओततो. ते घट्ट झाले की उलटे करतो, माती काढतो, दुसऱ्या बाजूने सिलिकॉन ओततो. सिलिकॉन सिलिकॉनला चिकटू नये म्हणून मध्ये साचा सोडवण्याचे द्रव्य लावतो. असा दोन फाळ्यांचा मऊ साचा तयार होतो. त्यात रेझिनचे दोन घटक मोजून, मिसळून ओतायचे. हाताशी जेमतेम काही मिनिटे असतात. मिश्रण तापते आणि बघता बघता दुधासारखे पांढरे होऊन घट्ट होते. हा ताप आणि ही रसायने साचा खातात. काही डझन भाग निघाले, की साचा फाटू लागतो आणि नवा करावा लागतो. पोलादी साच्यातून लाखो नग निघतात, यातून काही डझन.

अशा भागावर साच्याच्या प्रत्येक अडचणीची खूण उमटते. दोन फाळ्यांच्या सांध्यावर शिवण येते. फाळ्या किंचित सरकल्या तर शिवणीची पायरी होते. जिथून रेझिन ओतले तिथे जाड देठ राहतो. हवा अडकली तर नाकाच्या शेंड्यावर किंवा बोटाच्या टोकावर बुडबुड्याचे भोक पडते. तलवार, वेणी असे पातळ भाग वाकतात. आणि साचा सोडवण्याचे द्रव्य पृष्ठभागावर बसून राहते.

यातले शेवटचे सर्वांत फसवे, कारण ते दिसत नाही. त्याचे कामच काही चिकटू न देण्याचे. साच्यातून भाग सुटावा म्हणून ते हवे असते आणि रंग चिकटावा म्हणून ते नको असते. त्यावर रंग दिला तर दिसायला उत्तम बसतो. पुढे दुसरा रंग देण्यासाठी कडेला मास्किंग टेप लावून ती काढली, की टेपबरोबर रंगाचा पापुद्रा निघून येतो. म्हणून पहिले काम धुण्याचे. भांडी घासायचा साबण किंवा सौम्य घासणी, जुना टूथब्रश, कोमट पाणी. केसांच्या खाचा, कपड्यांच्या चुण्या काही सोडायचे नाही. मग पाण्याने स्वच्छ धुवायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे.

वाकलेली तलवार गरम पाण्यात धरली की मऊ होते. सरळ करून लगेच थंड पाण्यात धरली की तशीच राहते. देठ कापायचे, शिवण पॉलिश पेपरने घासायची, आधी २४० नंबरच्या, मग ४०० आणि ६०० च्या. बुडबुड्यांत पुट्टी भरायची, वाळली की पुन्हा घासायची. जड हात नुसत्या गोंदावर टिकत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना हातात फिरवायच्या बारीक गिरमिटाने भोक पाडून पितळी तार घालायची.

घासताना एक पथ्य प्राणापलीकडे पाळायला हवे. रेझिनची धूळ अतिशय बारीक असते आणि ती फुप्फुसात गेलेली चांगली नाही. पाणी लावून घासावे, तोंडावर चांगला मास्क असावा. ओतकाम करणाऱ्यांची जोखीम याहून मोठी. न घट्टावलेल्या रेझिनच्या एका घटकात आयसोसायनेट असतात आणि त्यांच्या वाफांनी दम्यासारखा विकार जडू शकतो. तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात. कारखान्यात या गोष्टींवर कायद्याची नजर असते. घरच्या टेबलावर ती आपणच ठेवायची.

आणि मग तो करडा थर. त्यात दोन वेगळी कामे एकत्र आलेली असतात. प्रायमरचे काम चिकटण्याचे: खाली रेझिनला आणि वर रंगाला धरून ठेवण्याचे. सर्फेसरचे काम सपाटीचे. त्यातली बारीक पूड पॉलिश पेपरचे ओरखडे भरते. म्हणून सर्फेसरच्या बाटल्यांवर ५००, १०००, १२०० असे नंबर असतात. नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक. ही भाषा मोटारींच्या रंगकामातली आहे. आपल्या गॅरेजमध्ये ठोकलेल्या गाडीच्या पत्र्यावर आधी लांबी भरतात, घासतात आणि मग प्रायमर मारतात, ते पाहिले असेल तर हेही ओळखीचे वाटेल.

पण करडा रंगच का? पांढरट रेझिन थोडे अर्धपारदर्शक असते. उजेड त्याच्या आत शिरतो आणि बारीक खड्डे नजरेला चकवतात. पुट्टीचा डाग एका रंगाचा, रेझिन दुसऱ्या रंगाचे, पितळी तार तिसऱ्या. करडा थर पडला की सगळे एकरंगी होते आणि सावल्या बोलू लागतात. संपली असे वाटलेली शिवण पुन्हा उगवते. कधी न दिसलेले सुईच्या टोकाएवढे भोक समोर येते. मग पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा करडा थर. जाणती माणसे हा थर तपासणी म्हणूनच देतात. रंग नंतर कितीही देखणा असो, तो खालच्या खड्ड्याला झाकत नाही. चमकदार रंग तर तो अधिकच उठवून दाखवतो.

काही कसबी जपानी कारागीर मात्र हा करडा थर मुद्दाम टाळतात. त्वचेच्या भागांवर ते पारदर्शक प्रायमर देतात आणि त्यावर पातळ, पारदर्शक रंगछटा फवारतात. खालच्या फिकट रेझिनमधून उजेड परत येतो आणि गाल सजीव वाटतात. या पद्धतीला 'साफु-रेस' म्हणतात, म्हणजे सर्फेसरविना. यात अस्तर दिसत नाही म्हणून मेहनत वाचते असे कुणी समजू नये. उलट झाकायला काहीच नसल्याने घासकाम निर्दोष लागते, पुट्टीचा एक ठिपकाही चालत नाही.

तर आता तो सौदा. जत्रेतल्या शिल्पकाराकडे पोलादी साच्याचे भांडवल नसते, पण मनात एक पात्र असते. घेणारा त्याला म्हणतो, तू घडव आणि ओत, साच्याने सोडलेल्या खोडी मी निस्तरतो. कारखान्यातले अर्धे काम घेणाऱ्याने आपल्या अंगावर घेतले, म्हणून कमी खपाच्या वस्तूही जन्माला येऊ शकल्या. यात कायद्याचाही एक मजेशीर धागा आहे. ही पात्रे बहुधा कुणाच्या तरी मालकीची असतात. वंडर फेस्टिव्हलने मालक कंपन्यांशी बोलून एक दिवसाच्या परवान्याची पद्धत रुजवली. त्या दिवशी, त्या सभागृहात, ठरलेले नग विकायचे. संध्याकाळ झाली की परवाना संपला. जी विक्री चोरीची ठरली असती, ती त्यामुळे उजळ माथ्याने होऊ लागली.

या छंदाला धक्का बसला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. १९९९ मध्ये फुरुता या मिठाईच्या कंपनीने चॉकलेटच्या अंड्यात प्राण्यांच्या इवल्या प्रतिकृती घालून विकायला काढल्या. त्या काइयोदोच्या शिल्पकारांनी घडवलेल्या आणि चीनमध्ये रंगवलेल्या. पाठोपाठ रंगवून तयार मूर्तींची लाट आली. घासणारे, अस्तर देणारे हात नाहीसे झाले नाहीत. ते समुद्रापलीकडच्या कारखान्यात गेले आणि आपल्या नजरेआड झाले. तयार मूर्ती घेणाऱ्याला शिताजी हा शब्द माहीत असण्याचे कारण उरले नाही.

नंतर संगणक आला. नागोया इथले हिदेओ कोदामा यांनी उजेडाने घट्ट होणाऱ्या रेझिनपासून थरावर थर देत वस्तू बनवण्याची पद्धत मांडून १९८० साली पेटंटचा अर्ज केला होता, पण त्याची पुढची प्रक्रिया पूर्ण झाली नाही. अमेरिकेत चक हल यांना १९८६ साली तशाच तंत्राचे पेटंट मिळाले. आज टेबलावर मावणारे रेझिन प्रिंटर घरोघर आले आहेत. साचा गेला, ओतकाम गेले. मग धुणे-घासणे गेले का? नाही. छापलेला भाग अल्कोहोलने धुवावा लागतो, उजेडात पक्का करावा लागतो, त्याला आधार देणाऱ्या काड्यांचे फोड घासावे लागतात. शिवणीच्या जागी आता थरांच्या बारीक रेषा आल्या आहेत. त्या पाहायला आणि बुजवायला लागतो तोच करडा सर्फेसर.

पुढे कधी हाताने रंगवलेली एखादी छोटी मूर्ती समोर आली, तर चेहऱ्याआधी तिच्या खांद्याकडे पाहा. हात अंगाला जिथे मिळतो तिथे सांध्याची रेघ सापडते का, ते शोधा. सापडली नाही, तर समजा की कुणीतरी तिथे दोनदा पुट्टी भरली आहे, तीनदा घासले आहे आणि करड्या थराने 'अजून नाही' म्हटल्यावर पुन्हा बसले आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)